रविवारच्या सायकल राइडचं चित्रीकरण : व्हिडिओ काढणाऱ्यांसाठी सूचना

सदस्यहो, येत्या रविवारी पहाटे नेहमीप्रमाणे नाशिकच्या गंगापूर रोडने सोमेश्वरवरून गंगापूर धरणाकडे जायचं आहे.

हातात मोबाईल धरून कुणीही शूटिंग करायचं नाही. ही विनंती नाही, नियम समजा.

कॅमेरा शक्यतो छातीच्या पट्ट्यावर लावा. हँडलवर रस्त्याची खडीन् खडी थेट लेन्सपर्यंत पोचते. छातीवर असेल तर कोपर आणि खांदे बराचसा धक्का आधीच पिऊन टाकतात. मागच्या वेळी माझ्या क्लिपमध्ये झाडं जेलीसारखी थरथरत होती. घरी येऊन पाहिलं, तर माउंटचा स्क्रू अर्धा आटा ढिला. हँडलवरच लावायचा असेल तर मध्ये जुन्या ट्यूबचा तुकडा घालून नीट आवळा. टायरमध्ये हवाही ठासून भरू नका.

स्टॅबिलायझेशन (चित्राची थरथर कमी करणारी कॅमेऱ्यातली सोय) चालू ठेवा आणि फ्रेम रुंद घ्या, कारण ते कडा कापूनच चित्र स्थिर करतं. सेटिंग सेकंदाला ६० फ्रेमचं ठेवा. पण उजाडायच्या आत कॅमेरा सुरू करू नका. कमी उजेडात शटर जास्त वेळ उघडं राहतं, धक्का चित्रातच फराटा होऊन उमटतो आणि नंतर काही केल्या निघत नाही. सोमेश्वरच्या पुढे ऊन पडलेलं असेल. जाताना सूर्य पाठीशी, परतताना डोळ्यांवर. म्हणून जातानाच काढून घ्या.

माझ्याकडे एक पट्टा जास्तीचा आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी शनिवारी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवा.