जनुके गप्प असतानाही भ्रूण वाढत असतो

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘अमुक आजाराचे जनुक सापडले’, ‘तमुक जनुक सुरू झाल्याने पेशी बिघडतात’ अशा बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता नेहमी वाचायला मिळतात आणि विज्ञानाला जागा मिळते याचा आनंदच आहे. परंतु ‘सुरू’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांमुळे वाचकाची अशी समजूत होते की जनुक म्हणजे दिव्याचे बटण, ते दाबले की प्रथिन तयार. प्राणिशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेलेल्या मला ही समजूत सलते, कारण जनुकापासून प्रथिनापर्यंतच्या वाटेवर संदेशवाहक आरएनएचे, म्हणजे जनुकावरून उतरवून घेतलेल्या आणि प्रथिन बनवण्यासाठी वाचल्या जाणाऱ्या संदेशाचे, जे संस्करण (कापणे, जोडणे, शेपटी लावणे) होते, ते तिच्यातून पूर्ण निसटून जाते. हे संस्करण किती निर्णायक असते हे पाहायचे असेल, तर माशाच्या भ्रूणासारखे उदाहरण नाही.

झेब्राफिश हा गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला, अंगावर निळे पट्टे असलेला बोटभरही लांब नसलेला मासा. ऑरेगॉन विद्यापीठातील जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी १९८१ मध्ये त्याच्यावरचे मूलभूत संशोधन प्रसिद्ध केले आणि पुढे तो जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचला. आज मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालते. त्याचे अंडे शरीराबाहेर फलित होते आणि भ्रूण पारदर्शक असतो, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली सारे उघड दिसते. फलनानंतर सुमारे पाऊण तासाने पहिले विभाजन होते, त्यानंतर दर पंधरा मिनिटांनी एक, आणि तीन तासांत एका पेशीच्या हजारभर पेशी होतात. या सगळ्या धावपळीत भ्रूणाची स्वतःची जनुके जवळजवळ गप्प असतात. काम चालते ते आईने अंड्यात बांधून दिलेल्या शिदोरीवर, म्हणजे हजारो जनुकांच्या आधीच लिहून ठेवलेल्या आरएनए संदेशांवर.

नवे संदेश लिहिले जात नसताना कोणते प्रथिन केव्हा आणि किती बनवायचे, हे ठरते कसे? आरएनए चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो, आणि याचे मोठे उत्तर संदेशाच्या टोकाला असलेल्या, त्यांपैकी ‘ए’ या अक्षराच्या शेपटीत आहे. साठवणीतल्या अनेक संदेशांची शेपटी आखूड असते. ती लांबवली की त्या संदेशाचे वाचन, म्हणजे त्यावरून प्रथिन बनणे, वाढते आणि कातरली की मंदावते. अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ डेव्हिड बार्टेल यांच्या गटाने २०१४ मध्ये हजारो संदेशांच्या शेपट्या मोजल्या, तेव्हा आरंभीच्या भ्रूणात शेपटीची लांबी आणि प्रथिननिर्मिती यांचे घट्ट नाते आढळले. भ्रूणाचे थर आकार घेऊ लागण्याच्या सुमारास मात्र ते नाते सुटते. तीच शेपटी, तोच संदेश, पण काही तासांपूर्वी जो नियम होता तो आता लागू नाही. मला स्वतःला हा शोध फार विलक्षण वाटतो.

भ्रूण स्वतःचे संदेश लिहू लागतो तेव्हाही संस्करणाची अट आड येते. बहुतेक जनुकांत उपयोगी मजकुराच्या मधे इंट्रॉन नावाचे लांबलचक तुकडे असतात. ते कापून उरलेला मजकूर जोडणे म्हणजे स्प्लायसिंग. आरएनए लिहिणारे विकर मिनिटाला साधारण दोन-तीन हजार अक्षरे लिहिते, त्यामुळे लाखभर अक्षरांच्या जनुकाला अर्धा तास तरी लागणार, आणि इथे तर पंधरा मिनिटांत पुढचे विभाजन उभे! विभाजन आले की अर्धवट लिखाण वाया जाते. सर्वांत आधी जागी होणारी जनुके बहुतांशी लहान आणि पुष्कळदा इंट्रॉन नसलेली असतात, ती यामुळेच असावीत. विभाजनाचा वेग ओसरला की लांब जनुकांची पाळी येते.

या पहिल्या लिखाणातच ‘एमआयआर-४३०’ हा एक सूक्ष्म आरएनए असतो, म्हणजे स्वतः प्रथिन न बनवता इतर संदेशांवर नियंत्रण ठेवणारा छोटा आरएनए. आन्तोनिओ हिराल्देस, अलेक्झांडर शियर हे जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवले की तो आईकडून आलेल्या शेकडो संदेशांना चिकटतो, त्यांच्या शेपट्या कातरायला लावतो आणि त्यांचा निचरा घडवतो. त्याआधीच्या वर्षी त्यांनी सूक्ष्म आरएनए तयारच न करू शकणारे भ्रूण वाढवले होते. त्यांच्या मेंदूची घडण बिघडली, आणि बाहेरून एमआयआर-४३० टोचल्यावर ती पुष्कळशी सावरली. म्हणजे नवे लिहिण्याइतकेच जुने वेळेवर पुसणेही भ्रूणाला आवश्यक असते. ज्या सूक्ष्म आरएनएच्या शोधासाठी २०२४ चे नोबेल दिले गेले, त्यांचे काम इतक्या ठळकपणे क्वचितच दिसते.

आपल्याकडे दहावीच्या पाठ्यपुस्तकात प्रतिलेखन, भाषांतरण आणि स्थानांतरण असे तीन टप्पे शिकवले जातात. त्या वयाला ते योग्यच आहे. पण बहुतेक वाचकांचे जीवशास्त्र तिथेच थांबते आणि पुढचे त्यांना कळण्याची जागा वृत्तपत्र हीच उरते. पाठीच्या कण्यातील चेतापेशी नष्ट करणाऱ्या एसएमए या आजाराच्या बालरुग्णांसाठी मदतीची आवाहने आपण छापता. त्या आजारात मुख्य जनुक निकामी असते, आणि जवळपास तसेच दुसरे जनुक ‘सुरू’ असूनही एका अक्षराच्या फरकामुळे त्याच्या संदेशातल्या उपयोगी मजकुराचाच सातवा तुकडा स्प्लायसिंगमध्ये बहुतेक वेळा गळतो. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेले नुसिनर्सेन हे औषध तो तुकडा गळू देत नाही. ‘जनुक बिघडले’ एवढेच लिहिले, तर हे औषध नेमके काय करते ते आई-वडिलांना कसे समजावे?

म्हणून एक विनंती आहे. जनुकांविषयीची बातमी देताना बिघाड संदेशाच्या लेखनात आहे, त्याच्या कापण्या-जोडण्यात आहे की तो किती काळ टिकतो यात आहे, हे मूळ संशोधनात सांगितलेले असेल, तर तेवढे एक वाक्य बातमीत अवश्य द्यावे.

आपली,
प्राणिशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा