पाच पॉइंटांची भिशी : ॲडलेडमधल्या मराठी मंडळींना आवाहन

सस्नेह नमस्कार.

यंदाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बाहेर ऊन मी म्हणत होतं, तिळगूळ डब्याला चिकटून बसला होता आणि बरीचशी मंडळी लवकर घरी परतली. मागे राहिली ती खुर्च्या आवरायला थांबलेली विद्यार्थी मुलं-मुली. त्यांच्या गप्पांत एकच आकडा फिरत होता : १,३५०. त्या संध्याकाळी कार्यकारिणीतले आम्ही चौघे-पाच जण तिथेच खुर्च्या ओढून बसलो, आणि त्यातून ऑस्ट्रेलियाच्या कायमच्या व्हिसाच्या रांगेत अडकलेल्या या मुलांसाठी हे आवाहन निघालं.

हा आकडा कसला, हे ज्यांना इथे येऊन वीस वर्षं झाली त्यांना सांगायला हवं. आपल्यापैकी अनेकांनी वय, शिक्षण, इंग्रजी यांचे व्हिसासाठीचे पॉइंट मोजले, अर्ज भरला आणि वाट पाहिली. जुलै २०१२ पासून तसं राहिलेलं नाही. आता आधी स्किलसिलेक्ट या सरकारच्या ऑनलाइन यादीत इच्छा नोंदवायची, मग राज्याकडे वेगळी नोंद करायची, आणि बोलावणं आलं तरच अर्ज. राज्याने नाव सुचवण्याचे मुख्य मार्ग दोन. १९० हा थेट कायमच्या वास्तव्याचा व्हिसा. ४९१ पाच वर्षांचा, त्यात रीजनल, म्हणजे सरकारने मोठ्या महानगरांबाहेरचा धरलेल्या, भागातच राहायचं आणि काम करायचं, आणि तीन वर्षांचे कराचे कागद जमले की १९१ या व्हिसातून पीआरचा, म्हणजे कायमच्या वास्तव्याचा, अर्ज. या हिशेबात अख्खं साउथ ऑस्ट्रेलिया रीजनल धरतात, ॲडलेडसुद्धा. म्हणून तर सिडनी-मेलबर्न सोडून मुलं इकडे येतात.

किती जणांची नावं सुचवता येतील हे केंद्र सरकार दरवर्षी ठरवून देतं. २०२४-२५ मध्ये आपल्या राज्याला १९० च्या ३,००० आणि ४९१ च्या ८०० जागा होत्या. २०२५-२६ साठी मिळाल्या १,३५० आणि ९००. देशभरातल्या सगळ्या राज्यांच्या जागा मिळून २६,२६० होत्या, त्या २०,३५० वर आल्या. आणि आपल्या या जागांत नर्सही आल्या, वेल्डर, शिक्षक, आचारी आणि इंजिनियरही आले. मुलं इकडे आली ती तीन हजारांचा आकडा बघून. पदवी हातात पडेपर्यंत तो निम्म्याहून खाली गेला. यात त्यांची चूक काय, ते आम्हाला तरी सापडलं नाही.

६५ पॉइंट झाले की यादीत नाव घालता येतं, एवढाच त्या ६५ चा अर्थ. काही व्यवसायांत थोडक्या पॉइंटांवरही बोलावणं येतं, पण अकाउंटिंग आणि आयटीवाल्यांची गर्दी अशी की एकेका पॉइंटाचा जीव जातो. वयाचे ३०, इंग्रजीचे २०, मास्टर्सचे १५, इथल्या शिक्षणाचे ५, ते रीजनल भागात झालं म्हणून आणखी ५, लग्न झालेलं नाही म्हणून १० : झाले ८५. आपल्या मंडळात एकाच घरात राहणारे दोघं आहेत, दोघांचा व्यवसाय एक, दोघांचे पॉइंट तेवढेच. पूर्वी रात्री एकत्र खिचडी टाकायचे. आता एकाने परीक्षेची तारीख घेतली की दुसऱ्याला सांगत नाही. तेहतिसावा वाढदिवस उजाडला की वयाचे पाच पॉइंट जातात. तो दिवस जवळ आलेल्या एका मुलीने केक नको म्हणून सांगितलं, तेव्हा आधी आम्ही हसलो होतो.

आता मुद्द्यावर येतो. जागा वाढवणं मंडळाच्या हातात नाही. पण पाच पॉइंट असे आहेत की ते आपल्या घरातच पडून आहेत. नाटी या भाषांतरकारांना मान्यता देणाऱ्या संस्थेची सीसीएल नावाची दुभाषी परीक्षा मराठीत देता येते आणि पास झालं की पाच पॉइंट मिळतात. दोन संवाद असतात, प्रत्येकी तीनशे शब्दांच्या आसपास : एक माणूस इंग्रजी बोलतो, दुसरा मराठी, आणि मधे बसून दोन्हीकडचं भाषांतर करायचं. प्रत्येक संवादाला ४५ गुण, त्यात किमान २९ हवेत आणि दोन्ही मिळून ९० पैकी ६३.

ऐकायला सोपं वाटतं. “मातृभाषाच आहे की,” असं म्हणत पुण्या-ठाण्यातली इंग्रजी माध्यमातली मुलं जातात आणि आपटतात. विषय येतात दवाखान्याचे, कोर्टाचे, विम्याचे, भाड्याच्या घराचे. घरात आपण ‘लोन फेडलं’, ‘बेल मिळाली’, ‘पॉलिसी लॅप्स झाली’ असंच बोलतो. परीक्षेत प्रत्येक वाक्याला इंग्रजीच घातलं की गुण गळतात. तारण, जामीन, थकबाकी, मुलांचा ताबा, भाडेकरार हे शब्द माहीत नसतात असं नाही, ते वेळेवर जिभेवर येत नाहीत.

आणि फी आठशे डॉलरच्या घरात. जो आठवड्याच्या भाड्यासाठी रात्रपाळी करतो, ज्याच्या शिक्षणासाठी गावाकडे सातबाऱ्यावर बोजा चढलाय, तो ही परीक्षा ‘पुढच्या महिन्यात’ म्हणत पुढे ढकलत राहतो. पुढे बोलावणं आलंच तर अर्जाला ६० दिवस मिळतात आणि १९० ची एकट्या मुख्य अर्जदाराची फी पाच हजार डॉलरच्या जवळपास आहे. ती आपल्या आवाक्यातली नाही, तिला हात घालणार नाही. सीसीएलच्या फीला घालू शकतो.

म्हणून भिशी. देणगीदारांच्या पैशातून पंधरा जणांची परीक्षा-फी बिनव्याजी उसनी द्यायची, म्हणजे बारा हजार डॉलर. पास होवो की नापास, वर्षभरात हप्त्याहप्त्याने परत करायची आणि तेच पैसे पुढच्याला. आणखी तीन हजार हवेत ते नोंदणीकृत मायग्रेशन एजंटाकडे एकेकदा बसवून द्यायला. मंडळ स्वतः व्हिसाचा सल्ला देणार नाही, हे स्पष्ट लिहितो. नोंदणी नसताना तो देणं १९५८ च्या मायग्रेशन कायद्यात बसत नाही, आणि “माझ्या वेळी असं होतं” या सल्ल्याने आजवर पुष्कळ नुकसान झालंय. आपल्याच एका मुलाने कोणाच्या तरी ओळखीने नोकरीच्या पत्रासाठी पैसे मोजले. पत्र आलं नाही, पैसे गेले. आलं असतं तर अधिक वाईट झालं असतं : खोटा कागद सापडला की तीन वर्षांची बंदी बसू शकते.

बैठकीत एका सभासदांनी विचारलं, सगळ्यांचेच पाच वाढले तर बोलावणं ज्या पॉइंटांवर येतं ती रेषाही पाचने वर जाईल, मग उपयोग काय? प्रश्न रास्त आहे. पण रेषा आपल्यासाठी थांबलेली नाही. पंजाबी, नेपाळी, तमिळ मुलंही याच रांगेत आहेत आणि आपापल्या भाषेत हीच परीक्षा देतात. आपल्यात मात्र कित्येकांना मराठीत ती देता येते हेच ठाऊक नाही.

पैशांइतकीच गरज माणसांची आहे. नातवंडांसाठी भारतातून आलेले आजी-आजोबा दुपारी सोफ्यावर बसून कंटाळतात, हे आम्हाला माहीत आहे. त्यांना रविवारी दोन तास घेऊन या. संवादातला मराठी माणूस त्यांनी वाचायचा, मुलांनी इंग्रजीत सांगायचं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले एक काका मागच्या महिन्यात सहज आले होते, ‘पॉवर ऑफ ॲटर्नी’ला सगळी मुलं अडली, तेव्हा चहाचा कप खाली न ठेवता ते म्हणाले, “कुलमुखत्यारपत्र.” बँकेत, कोर्टात, इस्पितळात नोकरी केलेली अशी मंडळी हवीत. इथे रेझ्युमे वाचून खरं बोलणारे लोकही हवेत, कारण पॉइंट कितीही असले तरी आपल्या व्यवसायातली नोकरी असली तर वजन वाढतं.

रक्कम कितीही चालेल. पन्नास डॉलरचीही पावती मिळेल. मंडळाला करसवलतीची मान्यता नाही, त्यामुळे देणगीवर कर वाचणार नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. खात्याचा तपशील सभासदांना आलेल्या पत्रकात आहे, नसेल तर खजिनदारांना विचारा. उसने कोणी घेतले ते तिघांच्या समितीबाहेर जाणार नाही. हिशेब गुढीपाडव्याच्या कार्यक्रमात फलकावर लावू, नावांशिवाय. ज्यांना फी हवी आहे त्यांनी कार्यकारिणीतल्या कोणालाही बाजूला घेऊन सांगावं, अर्जबिर्ज काही नाही.

सराव फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी दुपारी दोनला, नेहमीच्या हॉलमध्ये. एसी चालतो, चहा आमच्याकडे. भारतातून कोणी येत असेल तर बॅगेत चार मराठी वर्तमानपत्रं टाकून आणायला सांगा. जाहीर नोटिसांचं पान असलेली असतील तर फारच उत्तम.