‘हांव सायबा’तला सायब कोण?

माननीय संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत गोव्यातल्या लोकप्रिय गाण्यांचे अर्थ उलगडणारा लेख छापून आला. असे लिखाण मराठीत फारसे येत नाही, म्हणून चहा बाजूला ठेवून वाचायला बसले. ‘हांव सायबा पलतडीं वयतां’वरचा परिच्छेद वाचला आणि चहा तसाच निवला. लेखात म्हटले आहे की दामू नावाच्या प्रियकराचे दुसरीशी लग्न ठरलेले आहे, त्याला शेवटचे भेटायला ही मुलगी नदीपार निघाली आहे आणि ‘सायबा, सायबा’ म्हणत त्यालाच हाक मारते आहे.

मी पस्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. कवितेचे दोन अर्थ निघू शकतात, तीनही निघू शकतात, हे मुलांना सांगत आले. पण आधी कवितेत काय लिहिले आहे ते वाचायचे आणि मग अर्थ लावायचा, हेही सांगत आले. या गाण्याच्या पहिल्या चार ओळी अशा आहेत:

हांव सायबा पलतडीं वयतां,
दामूल्या लग्नाक वयतां,
म्हाका सायबा वाट दाखय,
म्हाका सायबा वाट कळना.

म्हणजे: सायबा, मी पलीकडे जाते, दामूच्या लग्नाला जाते; मला वाट दाखव, मला वाट कळत नाही.

आम्ही गोव्याचे हिंदू घरात कोकणी बोलतो आणि वाचतो, लिहितो, भजन म्हणतो ते मराठीत. त्यामुळे कोकणी गाणे ऐकताना आमचा मराठी कान मधेच तोंड घालतो. ‘सायबा’ हा शब्द आला की लावणीतला सजण आठवतो. पण गोव्यात सायब म्हणजे धनी, मालक, मोठा माणूस. ख्रिस्ती घरांत तो देवसुद्धा आहे: फ्रान्सिस झेवियरला ‘गोंयचो सायब’ म्हणतात, आणि काही अघटित कानावर आले की माणूस पटकन ‘सायबा भोगोस’ म्हणतो, म्हणजे देवा, क्षमा कर. गरजेच्या वेळी अनोळखी पुरुषाला मान देऊन हाक मारायची तरी ‘सायबा’च. गाण्यातला सायब आहे तारी. होडीवाला. नदीकाठावर उभ्या राहिलेल्या बाईला पलीकडे जायचे आहे, आणि तिला पलीकडे नेऊ शकेल असा तो एकटाच आहे.

‘पलतड’ हा शब्द मराठी वाचकाला परका वाटायचे कारण नाही. आपल्या ‘पैलथडी’चाच तो भाऊ. ‘पैल तो गे काऊ कोकताहे’मधला पैल इथे ‘पल’ झाला आणि थडीची ‘तड’ झाली. माझी आई नार्व्याहून फेरीबोटीने दिवाडीला निघाली की पिशवी उचलता उचलता ‘पलतडीं वतां गो’ एवढेच सांगून बाहेर पडायची. त्यात विरह नसायचा, तिकडच्या बाजारातले काम असायचे.

आता दामू. तिसऱ्या-चौथ्या ओळीशी न थांबता गाणे पुढे ऐकले की कळते, दामूच्या माटवात, म्हणजे मांडवात, कलवंतांचा, म्हणजे देवळांत आणि लग्नकार्यांत गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांचा, खेळ आहे. दामू हा यजमान. त्याच्या घरी लग्न आहे आणि त्या लग्नात गाण्या-नाचण्याचा कार्यक्रम आहे. ही बाई तिथे निघाली आहे कारण ती स्वतः कलावंत आहे, आणि तिला वेळेवर पोचायचे आहे. तुमच्या लेखात ‘कलवंत’ हा शब्द कुठेच नाही. तो गाळला की मग प्रियकर शोधावा लागतो, कारण बाई रात्री-अपरात्री नदी ओलांडून कशाला जाईल, या प्रश्नाला दुसरे उत्तर उरत नाही.

तो शब्द का गळतो हे मला ठाऊक आहे. मी त्याच घरातली. माझ्या आजीची आई देवळात आणि लग्नकार्यात गायची, नाचायची. त्या व्यवस्थेत बाईचे काय हाल होत होते ते आमच्या घरात कोणी लपवले नाही आणि सजवूनही सांगितले नाही. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत आमच्याच माणसांनी, पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांसारख्यांनी, त्याविरुद्ध चळवळ उभी केली, मुलींना शाळेत घातले, समाजाला ‘गोमंतक मराठा’ हे नाव मिळाले. ते झाले म्हणूनच मी शिक्षिका होऊ शकले. पण व्यवस्था वाईट होती म्हणून तिच्यात राबलेल्या बायकांची विद्या वाईट ठरत नाही. केरीच्या केसरबाई केरकर आणि कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर याच परंपरेतून आल्या. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानाबरोबर जी तबकडी अंतराळात गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी आहे. असे असताना गाण्यातल्या कलावंतिणीला रडवेली प्रेयसी करून टाकणे मला सोसत नाही.

आमच्या घरी एका पत्र्याच्या ट्रंकेत पणजीचे चाळ होते. जाड सुती दोरीत ओवलेली पितळी घुंगरे, काही ठिकाणी दोरी बदललेली, पांढऱ्याच्या जागी लाल. हातात घेतले तर वाटते त्याहून जड. आजी सांगायची की भरतीच्या वेळी, त्यातून पाऊस असला तर, तारी होडी घालायला तयार होत नसे. मग काठावर बसून राहायचे. सारंगीवाला सारंगी लुगड्यात गुंडाळून तान्ह्या मुलासारखी मांडीवर धरून बसायचा. पलीकडे यजमानाच्या माटवात गॅसबत्ती पेटलेली दिसायची, आणि उशीर झाला तर बिदागी कापली जायची. एवढे ऐकल्यावर ‘म्हाका सायबा वाट कळना’ ही ओळ मला तरी वेगळी ऐकू येते.

गाण्यात पुढे काय होते? तारी नाही म्हणतो. मग ती एकेक दागिना काढून पुढे करते. पायांतली पैंजणे घे, अमुक घे, तमुक घे. ‘घे घे घे घे’ हे त्याचे पालुपद. आणि त्याचे उत्तर ठरलेले: ‘म्हाका नाका गो.’ मला नको. तो का नको म्हणतो हे गाणे सांगत नाही. नदी खवळली होती म्हणून, असे बहुतेक लोक सांगतात. त्याला दागिन्यांपेक्षा वेगळेच काही हवे होते, असेही काहीजण डोळा मिचकावून सांगतात. मला वाटते शब्दांनी जिथे तोंड मिटले आहे तिथे आपणही थोडे थांबावे. नदीचा अर्थ लावायचा असेल तर लावावा, पण ‘असे मला वाटते’ म्हणून. ‘गाण्यात असे आहे’ म्हणून नव्हे.

गाण्याच्या उगमाबद्दल लेखात ‘शेकडो वर्षांपूर्वीचे कोळीगीत’ असे लिहिले आहे. ही ‘देखणी’ आहे, म्हणजे गोव्यातला नाचगाण्याचा एक प्रकार. कार्लोस युजेनियो फेरेरा यांच्या नावावर ती १८९५ मध्ये पॅरिसमध्ये छापली गेली आणि पुढे १९२६ मध्ये बस्तोड्याच्या रांजेल छापखान्यातून निघाली. देखणी हा प्रकारच मुळी असा की ख्रिस्ती घरांतल्या मुली साडी नेसून, पैंजणे बांधून हिंदू कलावंतिणीचे सोंग घेतात आणि घुमट या वाद्याच्या तालावर नाचतात. म्हणजे ज्यांनी हे गाणे रचले, गायले, नाचले, ते आमच्याकडे बाहेरून पाहत होते. त्या पाहण्यात नवल आहे, थोडी भूलही आहे. आमच्या बायकांनी स्वतः रचलेले हे गाणे नाही, एवढे भान ठेवूनच ते ऐकावे लागते. तरीही माझ्या पणजीच्या पिढीतली बाई, तिची घाई आणि तिचे दागिने त्यात जसे आले आहेत तसे दुसऱ्या कुठल्या लोकप्रिय गाण्यात मला सापडलेले नाहीत.

१९७३ मध्ये ‘बॉबी’ आला तेव्हा मी नववीत होते. राज कपूरने देखणीची चाल आणि ते ‘घे घे घे घे’ उचलले. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे, शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे, गायले मन्ना डे आणि शैलेंद्र सिंग यांनी. सगळी शाळा ‘ना मांगूं सोना चांदी’ गुणगुणत होती, आणि ‘घे घे’ आले की दोन-तीन मुली माझ्याकडे बघून हसायच्या. त्या का हसतात ते मला तेव्हा पुरते कळायचेही नाही. शेजारच्या रेडिओवर ते गाणे लागले तेव्हा आजी तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिने ऐकले आणि विचारले, ‘ती तारयाक घे म्हणटा. हो कोणाक म्हणटा?’ ती तारीला घे म्हणते, हा कोणाला म्हणतो?

आजीने मोजक्या शब्दांत जे पकडले ते मला मराठीची पदवी घेऊनही उशिरा उमगले. मूळ गाणे हे अथपासून इतिपर्यंत सौदा आहे: मला पलीकडे ने, भाडे म्हणून हे घे. हिंदीत तेच ‘घे घे’ येते आणि लगेच पुढे ‘प्यार में सौदा नहीं’. देखणीत सोने पुढे करणारी बाई होती, चित्रपटात सोने नको म्हणणारा मुलगा आहे. चाल तीच, क्रियापद तेच, अर्थ मात्र पालथा. चित्रपटवाल्यांनी ते करू नये असे मी म्हणत नाही. गाणी अशीच हिंडतात, आणि ‘बॉबी’चे गाणे मलाही आवडते. माझे म्हणणे एवढेच की परत येताना ती हिंदीचा अर्थ अंगावर घेऊन येतात आणि आपण तोच मूळचा म्हणून छापतो. तुमच्या लेखातला प्रियकर बहुधा याच वाटेने आला असावा.

असे पुष्कळ गाण्यांचे होते. ख्रिस पेरींच्या ‘बेबदो’ या कोकणी गाण्यावर पर्यटक किनाऱ्यावर ग्लास उंचावून नाचतात. बेबदो म्हणजे दारुडा, आणि लोर्नाच्या आवाजात गाणारी ती बाई त्याचे कौतुक करत नाही. मडगावच्या एका रिसेप्शनला बँडने नवरा-नवरीच्या पहिल्या नाचासाठी ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ वाजवले. १९८३ चे हे इंग्रजी गाणे ज्याने लिहिले त्या स्टिंगने स्वतःच सांगितले आहे की ते पाळत ठेवणाऱ्या, ताबा न सोडणाऱ्या माणसाचे गाणे आहे. याच्या उलट, ‘माय नेम इज अँथनी गोन्साल्विस’ हे नाव निव्वळ गमतीचे म्हणून आपण सोडून देतो. अँथनी गोन्साल्विस खरोखर होते, आपल्या माजोर्ड्याचे. प्यारेलाल त्यांच्याकडे व्हायोलिन शिकले आणि १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त गुरूचे नाव असे घरोघर पोचले.

तुमच्या लेखमालेत पुढच्या रविवारी मांडो हा गोव्यातला गीतप्रकार येणार असे शेवटी लिहिले आहे. माझी विनंती आहे की गाण्याचे मूळ शब्द शेजारी पूर्ण छापा, निदान पहिली दोन कडवी तरी. कठीण कोकणी शब्दांना मराठी प्रतिशब्द द्या. आणि जे गातात त्यांना विचारा. या तालुक्यात नव्वदीच्या घरातल्या काही बायका अजून आहेत. त्यांच्याकडे जायला मोटारसायकलने अर्धा तास लागतो. मी बरोबर यायला तयार आहे, पत्ते मला माहीत आहेत.

देखणीबद्दलचा खुलासाही छापावा, आणि तो ‘कलवंत’ हा शब्द न गाळता छापावा. छायाचित्र हवे असेल तर चाळांचे काढता येईल. एका पायाचा आहे, दुसऱ्याची दोरी गेल्या पावसाळ्यात कुजली, तिची घुंगरे मी डब्यात काढून ठेवली आहेत.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, माशेल