दादाच्या ॲम्पमधला खरा दोष

पुणे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

दादाचा गिटारचा ॲम्प (ॲम्प्लिफायर) पुन्हा वाजू लागला, एवढी बातमी फोनवरही सांगता आली असती. पण त्या गणपतीत तो का जळला हे मला आता नेमके कळले आहे आणि ते सविस्तर, कागदावर तुझ्या हाती असावे असे वाटले. तो तुझ्यामुळे जळला नव्हता. आमच्याकडे सगळे ठीक आहे, माझे ब्लडप्रेशर गोळीने आटोक्यात आहे, आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले; आता मुद्द्याकडे वळतो.

काकूंनी माळा आवरायला काढला आणि दादाने ‘भंगारात घाला’ म्हटल्यावर मी ॲम्प घरी आणला. फ्यूज गेलेला होता. अशा वेळी नवा फ्यूज घालून सरळ बटण दाबण्याचा मोह आवरावा लागतो, कारण फ्यूज उगाच जात नाही. म्हणून मेन्सच्या वायरीत साठ वॉटचा जुना तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडला. ॲम्प निरोगी असेल तर हा बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. आत शॉर्ट असेल तर तो लख्ख पेटून राहतो आणि सगळा भार स्वतःवर घेतो. आपला बल्ब लख्ख पेटला. प्लग काढून ४७०० मायक्रोफॅरडच्या दोन्ही फिल्टर कपॅसिटरमधला चार्ज रेझिस्टरमधून उतरवला आणि मीटर लावला, तर टीआयपी१४२ आणि टीआयपी१४७ हे स्पीकरला ताकद पुरवणारे दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर कलेक्टर ते एमिटर आरपार शॉर्ट होते. ०.३३ ओहमचा एक एमिटर रेझिस्टर आतून तुटून ओपन झाला होता आणि त्याच्याखालचा बोर्ड करपून तपकिरी झाला होता.

एवढ्यावरून पाहिले तर दादाचेच म्हणणे खरे वाटेल. तू आठ ओहमची दोन स्पीकर कॅबिनेटे समांतर जोडलीस, भार चार ओहमवर आला, करंट दुप्पट झाला आणि ॲम्प गेला, ही त्याची गोष्ट आपण दोघांनीही प्रत्येक लग्नात ऐकली आहे. मागच्या पट्टीवर ‘किमान ४ ओहम’ असे छापलेले आहे, हे तू तेव्हाही त्याला दाखवत होतास. पण पट्टी वाचायची की तुझ्यावर ओरडायचे, यात त्याने काय निवडले ते सगळ्या मांडवाने ऐकले.

हीटसिंक, म्हणजे ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग, सोडवला आणि मी थांबलोच. त्याच्या आडोशाला बीडी१३९ हा छोटा ट्रान्झिस्टर आपल्या तीन पायांवर, एका बाजूला कललेला, हवेत उभा होता. त्याच्या पोटातले स्क्रूचे भोक रिकामे होते. समोर हीटसिंकवर तो जिथे घट्ट बसलेला असायला हवा तिथे जुन्या पांढऱ्या पेस्टचा सुकलेला चौकोन तेवढा उरला होता. त्याच पावसाळ्यात दादाने ॲम्प स्वस्तात दुरुस्त करून आणला होता, हे तुला आठवतच असेल. त्या कारागिराने आउटपुटची जोडी बदलली आणि बीडी१३९ परत जागेवर बसवलाच नाही.

तू कॉमर्सचा, आणि ‘बायस’ शब्द काढला की चहा टाकायला उठायचास, म्हणून हा भाग सावकाश लिहितो. आउटपुट ट्रान्झिस्टर गाणे नसतानाही थोडे चालू ठेवावे लागतात, नाहीतर हळू आवाजात खरखरीत विकृती येते. या थोड्या चालू ठेवण्यालाच बायस म्हणतात, आणि तो किती असावा हे बीडी१३९ ठरवतो. ट्रान्झिस्टर तापला की तेवढ्याच व्होल्टेजला जास्त करंट ओढू लागतो; जास्त करंटने आणखी तापतो, आणि हे चक्र स्वतःहून थांबत नाही. बीडी१३९ हीटसिंकला चिकटलेला असेल तर तोही सोबत तापतो आणि बायस आपोआप खाली आणतो. हवेत उभा असेल तर त्याला उष्णतेचा पत्ताच लागत नाही.

हे नुसते अनुमान राहू नये म्हणून मी पासोड्या विठोबापाशी जाऊन ट्रान्झिस्टरची नवी जोडी, वीज अडवून उष्णता जाऊ देणारे नवे अभ्रक आणि पेस्ट आणली आणि आधी बीडी१३९ मुद्दाम तसाच हवेत ठेवून, बल्ब जोडलेला असतानाच मोजले. एमिटर रेझिस्टरवर थंड असताना १० मिलिव्होल्ट दिसत होते, म्हणजे साधारण ३० मिलिअँपिअर. गिटार लावलेली नाही, स्पीकर जोडलेला नाही, तरी आकडा स्वतःच चढत गेला, चाळिशी ओलांडली आणि बल्बाची तार लाल होऊ लागली, तेव्हा मी बटण बंद केले. मग बीडी१३९ला अभ्रक आणि पेस्ट लावून जागेवर कसला. त्यानंतर तासभर आकडा दहा-अकराच्या पलीकडे गेला नाही. चार ओहमच्या भाराने त्या रात्री उष्णता वाढलीच असणार, हे मी नाकारत नाही. पण तो भार सोसण्यासाठीच हा ॲम्प बांधला होता आणि त्याची ती सोय कुणीतरी काढून ठेवली होती. तू जॅक लावण्याआधीच हे ठरून गेले होते.

दादाला हे सांगायचे की नाही, हा माझा खरा घोर आहे. तुझ्यावरचा ठपका जावा असे मला मनापासून वाटते. त्या रात्रीनंतर तू आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला आला नाहीस, हे मला अजून सलते. पण सांगितले की दुसरा प्रश्न आपोआप उभा राहतो: त्या दुकानात ॲम्प कोणी नेला होता? दादाची तब्येत हल्ली नाजूक आहे आणि तो चिडला की काकूंना त्रास होतो. तरीही माझे मत असे की सांगावे, तू समोर असताना सांगावे, आणि मीटर लावून दाखवावे, कारण दादा माणसाचे ऐकत नसला तरी आकड्यांचे ऐकतो.

मूळ स्पीकर मी अजून जोडलेला नाही. आउटपुटला ८ मिलिव्होल्ट डीसी आहे, म्हणजे उत्तम. पण या सर्किटमध्ये संरक्षण नाही. पुन्हा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला तर ३२ व्होल्ट डीसी थेट स्पीकरच्या कॉइलवर येईल, म्हणजे दीडशे वॉट निव्वळ उष्णता, आणि तसा स्पीकर आता मिळणार नाही. डीसी दिसताच स्पीकर तोडणारा रिलेचा छोटा बोर्ड मला बसवायचा आहे. ‘मूळ वस्तूला हात लावू नकोस’ असे तू म्हणशील, म्हणून सांगतो की चॅसीला एकही नवे भोक पाडणार नाही. ‘व्हॉल्व्हशिवाय आत्मा नाही’ हेही पुन्हा सुरू करू नकोस, बी. बी. किंग लॅब सिरीज एल५ या ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर वाजवायचे आणि रोलंडचा जेसी-१२० हा तसाच ॲम्प १९७५पासून जगभरच्या स्टेजवर उभा आहे.

तुझ्या छोट्या ॲम्पचा आवाज जातो-येतो असे तू लिहिले होतेस. त्याला इफेक्ट्स लूप (मागचे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक) असेल तर सेंडमधून रिटर्नमध्ये एक केबल लाव; आवाज स्थिर झाला तर रिटर्न जॅकचा आतला संपर्क गंजला आहे, काँटॅक्ट क्लीनरने काम होईल. रेवाला दहावीसाठी शुभेच्छा, नव्या बदलीचे काय झाले ते कळव, वहिनींना नमस्कार.

दिवाळीत बडोद्याहून येतोस का, ते आधी लिही, म्हणजे त्याप्रमाणे काकूंशी बोलतो. आणि येताना त्या ॲम्पचा फूटस्विच घेऊन ये. तो तुझ्याकडेच आहे, लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात, निळ्या पिशवीत.

तुझा,
मकरंद