मुक्कामी गाडी चुकू नये म्हणून : माजी विद्यार्थी मंडळाचं आवाहन

सस्नेह नमस्कार.

गेल्या वर्षी २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनाच्या काव्यवाचनात, सूत्रसंचालकाने एक नाव तीनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. पुढचं नाव घेतलं गेलं. कार्यक्रम आटोपल्यावर खुर्च्या रचताना तिसऱ्या रांगेत वहीचं घडी घातलेलं पान सापडलं. नागलीच्या आवणीवरची, म्हणजे रोपं उपटून पुन्हा लावण्यावरची कविता, कोकणा बोलीत. वर निळ्या पेनाने तेच नाव आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात 'साडेपाचला निघायचे'.

मुलगी पेठ तालुक्यातली, तेव्हा एसवायबीएला. नाशिकहून पेठ, आणि पेठहून पुढे पाड्याकडे जाणारी मुक्कामी गाडी. ती चुकली की रात्र स्टँडवर, नाहीतर कुणाच्या ओळखीने कुठेतरी. त्या दिवशी प्रमुख पाहुणे पाऊण तास उशिरा आले आणि पाऊण तास बोलले. पाहुणे आम्हीच ठरवले होते, तेव्हा दोष आमचाच. दुसऱ्या दिवशी पान तिला परत द्यायला गेलो तर म्हणाली, "तुमच्याकडंच राहू द्या सर, पुढल्या वर्षी वाचीन."

ते पुढलं वर्ष आता आलं आहे. ती टीवायला आहे, म्हणजे तिचं हे शेवटचं स्नेहसंमेलन. पान मंडळाच्या पावतीपुस्तकात जपून ठेवलेलं आहे.

आपलं कॉलेज लहान आहे, हे तुम्हाला सांगायला नको. गंगापूर रोड, कॉलेज रोडच्या मोठ्या कॉलेजांच्या गॅदरिंगला प्रायोजक रांग लावतात. आपल्या मंडपाच्या कमानीवर अजून तरी कुणाला आपलं नाव टाकावंसं वाटलेलं नाही. आपल्या वर्गांत सातपूर-अंबडच्या कामगारांची मुलं आहेत, पंचवटी-मखमलाबादची आहेत, आणि बरीचशी पेठ, सुरगाणा, हरसूल, त्र्यंबक या पट्ट्यातून येणारी आहेत. यातली काही शहरात खोली करून किंवा वसतिगृहात राहतात. बाकीची रोज एसटीने येतात-जातात, आणि कॉलेजच्या कार्यक्रमांतून गळतात ती हीच.

एसटीचं गणित एकदा समजून घ्या. मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. एफवायला प्रवेश घेतला की ती सवलत संपते. मग मुलगा असो की मुलगी, ६६.६६ टक्के सवलतीचा विद्यार्थी पास काढायचा, म्हणजे तिकिटाचा एक तृतीयांश घरातून भरायचा. पेठ नाशिकपासून पंचावन्न किलोमीटरच्या आसपास, वाटेत सावळघाट. पावसाळ्यात त्या घाटात गाडी अडकली की पहिली दोन लेक्चर गेलीच म्हणून समजा. एवढं करून जी मुलं येतात, त्यांना संध्याकाळी सहानंतर कॉलेजात थांबवायचं म्हणजे त्यांच्या घरी पोचण्याची सोय आपण करायची. आजवर ती आपण केलेली नाही.

त्यात आपले सगळे मोठे कार्यक्रम जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि नेमका तोच द्राक्षांचा हंगाम. तिकडच्या कुटुंबांपैकी अनेकजण या दिवसांत गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या बागांवर कामाला असतात. गिरणाऱ्याच्या मजूर बाजारात सकाळी जाऊन उभं राहिलं तर आपल्याच कॉलेजची दोन-चार पोरं आई-बापांबरोबर पिकअपची वाट पाहताना दिसतील. ऑक्टोबर छाटणीपासून कुणी विरळणीला जातं, कुणी काढणीला, पॅकिंगला. त्यांच्यासाठी स्पर्धेचा एक दिवस म्हणजे एक रोज बुडाला. त्यावर प्रवेश शुल्क मागायचं आणि वर 'विद्यार्थ्यांचा प्रतिसाद नाही' असं अहवालात लिहायचं, हे आम्हाला पटेनासं झालं आहे.

तेव्हा यंदा मंडळाने प्राचार्यांना भेटून दोन गोष्टी ठरवून घेतल्या. एक, कुठल्याही स्पर्धेला विद्यार्थ्याकडून प्रवेश शुल्क घ्यायचं नाही. ते मंडळ भरेल. दोन, २७ आणि २८ फेब्रुवारी या दोन्ही दिवशी कार्यक्रम संपल्यावर मुलांना गावी सोडायला प्रासंगिक करारावर, म्हणजे अख्खी गाडी भाड्याने ठरवून, एसटी घ्यायची. एक गाडी पेठ मार्गावर, पाड्याच्या फाट्यांपर्यंत. दुसरी त्र्यंबकमार्गे हरसूलला. सुरगाण्याची मुलं मात्र इतक्या रात्री परत पाठवणं शहाणपणाचं नाही. त्यांची राहण्याची सोय शहरातल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी करायची आहे, आणि त्यासाठी घरं हवी आहेत. मुलींसाठी घरात बाई माणूस असलेलीच घरं.

कार्यक्रम आणि मुदती अशा आहेत. क्रीडा सप्ताह १२ जानेवारीला, राष्ट्रीय युवा दिनी सुरू होईल. संघांची नावं ३ जानेवारीपर्यंत, सावित्रीबाई फुले जयंतीच्या दिवशी दुपारी जिमखान्यात द्यायची. कबड्डी आणि खो-खोला नावं कमी पडत नाहीत, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. वक्तृत्व आणि काव्यवाचनाची नोंदणी २६ जानेवारीपर्यंत. ध्वजवंदन झालं की तिथेच टेबल मांडलेलं असेल, नाव सांगायचं आणि जायचं. यंदा काव्यवाचनात बोलीभाषेचा वेगळा गट आहे. कोकणा, वारली, महादेव कोळ्यांची बोली, खानदेशातून आलेल्यांची अहिराणी, सगळं चालेल. कवितेखाली अवघड शब्दांचे अर्थ लिहून दिले तर परीक्षकांवर उपकार होतील. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिनाचं प्रदर्शन. १९२८ साली याच तारखेला रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून हा दिवस. मॉडेलची नावं १८ फेब्रुवारीपर्यंत, कारण १९ला शिवजयंतीची सुट्टी आणि त्यानंतर कुणी काही आणून देत नाही, असा आमचा अनुभव. २८च्याच संध्याकाळी स्नेहसंमेलन आणि पारितोषिक वितरण. तारपा नाचाचा संघ शेवटी ठेवला आहे. दरवर्षी तो 'वेळेअभावी' पहिल्या अर्ध्या तासात, रिकाम्या खुर्च्यांपुढे उरकायचो. यंदा गाड्या आहेत म्हणून शेवटी.

२७ फेब्रुवारी हा कुसुमाग्रजांचा जन्मदिवस. त्यांचा जन्म १९१२चा पुण्यातला, पण तात्यासाहेब नाशिकचे, यावर या शहरात कुणी वाद घालत नाही. ते आपल्या गावचे म्हणून हा दिवस आपण जरा जास्तच मिरवतो. आणि त्याच दिवशी, त्याच गावात, एका पोरीची कविता गाडीच्या वेळेमुळे वाचायची राहते.

आता मुदतीबद्दल, कारण पैशाइतकाच तोही घोळ आहे. ऑफिसबाहेरच्या सूचना फलकाची काच सरकत नाही, त्यामुळे शिपाईमामा नवी नोटीस काचेवरच खळीने चिकटवतात. जुनीवर नवी, तिच्यावर आणखी नवी. परवा आम्ही वरची नोटीस हलकेच सोलली तर खाली परीक्षा अर्जाची सूचना निघाली. मुदत शनिवारी संपलेली आणि तो दिवस सोमवार. व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकला होता म्हणे. ज्याच्या पाड्यावर रेंज टेकडीवर चढल्याशिवाय येत नाही, त्याने तो कधी पाहायचा? नंतर विलंब शुल्क. गेल्या सत्रात एका मुलाने विलंब शुल्क भरण्यापेक्षा बॅकलॉगचा विषयच सोडून दिला. आम्हाला कळलं तेव्हा निकाल लागला होता.

विद्यापीठाचे उन्हाळी परीक्षेचे अर्ज याच धामधुमीत निघतील. त्यासाठी जानेवारीपासून दर शनिवारी दुपारी ग्रंथालयात मदत टेबल सुरू करतो आहोत. पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) विसरलेला, एबीसी आयडी (श्रेयांक जमा होतात त्या खात्याचा क्रमांक) काढायचा राहिलेला, महाडीबीटी या शिष्यवृत्तीच्या सरकारी पोर्टलवर अर्ज परत आलेला, आधार बँक खात्याला जोडलेलं नसल्याने शिष्यवृत्ती अडकलेली, कुणीही यावं. टेबलावर बसायला माणसं हवीत. स्वतःचा लॅपटॉप आणि संयम, दोन्ही घेऊन यावं. उत्पन्नाचा दाखला कसा काढतात हे माहीत असलेलं कुणी मिळालं तर त्यांना चहा मंडळातर्फे.

मदत काय हवी, तर आधी रोख. एसटीच्या प्रासंगिक कराराचे पैसे आगारात आगाऊ भरावे लागतात, म्हणून ही रक्कम संक्रांतीच्या आत, १४ जानेवारीपर्यंत जमली पाहिजे. तिळगुळाबरोबर पाकीट दिलंत तर फारच छान. १०१ रुपयेही चालतील, ५०१ही चालतील. कुणी एका गाडीचा पूर्ण खर्च उचलणार असेल तर गाडीवर बॅनर लावणार नाही, हे आधीच सांगतो. पावती मात्र त्याच दिवशी मिळेल. जमा-खर्चाचा कागद मार्चमध्ये फलकावर लावू (काचेच्या आत).

गाड्यांचे पैसे भरून उरेल ते स्पर्धांच्या शुल्काला आणि विलंब शुल्काच्या निधीला. हा निधी प्राचार्य, ग्रंथपाल आणि मंडळाचा एक सदस्य मिळून देतील, आणि कुणाला दिला त्याचं नाव कुठेही लागणार नाही.

रोख जमत नसेल तर इतरही बरंच आहे. ज्यांच्या स्वतःच्या बागा आहेत त्यांनी २७-२८ला आपल्याकडे कामाला असलेल्या विद्यार्थ्यांना सुट्टी द्यावी, आणि जमलं तर रोज कापू नये. दोन्ही दिवसांच्या रात्रीच्या जेवणाला शिधा हवा: तांदूळ, तूरडाळ, तेल, नागलीचं पीठ. स्वयंपाक राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं करतील, शिबिरात सात दिवस करून त्यांचा हात बसलेला आहे. चालू स्थितीतले जुने स्मार्टफोन चार्जरसकट द्यावेत. चार्जर नसलेले आधीच तीन पडून आहेत. आणि बोलीभाषेच्या गटाला परीक्षक हवेत, ज्यांना ती बोली घरात ऐकून माहीत आहे असे. आमच्याकडे पीएचडीवाले आहेत, पण त्यांना आवणी म्हणजे काय हे विचारावं लागलं.

देणगी कॉलेजच्या ऑफिसात, सोमवार ते शनिवार, दुपारी १२ ते ३ या वेळेत मंडळाच्या पावतीपुस्तकावरच द्यावी. वाटेत, फोनवर किंवा 'मी मंडळाकडून आलोय' म्हणणाऱ्या कुणाकडेही देऊ नये. सातपूर-अंबडला पहिल्या पाळीत असलेल्यांसाठी रविवारी सकाळी १० ते १२ ऑफिस उघडं ठेवू. राहायला घर देणाऱ्यांनी २६ जानेवारीच्या टेबलावर नाव नोंदवावं.

आणि यंदाच्या प्रमुख पाहुण्यांना पत्रात लिहून कळवलं आहे की कार्यक्रम ४ वाजता सुरू होईल, पाहुणे आले असोत वा नसोत, आणि भाषणाला १५ मिनिटं आहेत. त्यांचं होकाराचं उत्तर आलं आहे.

आपले,
माजी विद्यार्थी मंडळ, नाशिक

ता. क. काव्यवाचनात पहिलं नाव कुणाचं पुकारायचं, ते ठरलेलं आहे. पेठच्या गाडीत चढताना हजेरी घ्यायला दोन स्वयंसेवक हवे आहेत, शेवटच्या फाट्यापर्यंत जाऊन त्याच गाडीने परत येण्याची तयारी असलेले. स्वेटर आणावा.