आधी विचारा, मग मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सागरी संवर्धनात स्थानिकांचे ज्ञान हवे, हे आता सगळेच म्हणतात. पण ते विचारायचे कधी? बहुतेकदा सर्वेक्षण आखून होते, नोंदी हाती येतात, मग मच्छीमारांना चार प्रश्न विचारून शेवटच्या पानावर त्यांचे आभार मानले जातात. तोवर उशीर झालेला असतो.

१९७७ साली अलास्काजवळच्या बोहेड देवमाशांची संख्या ६०० ते २,००० असावी, असा शास्त्रज्ञांचा अंदाज होता. त्यावरून आंतरराष्ट्रीय व्हेलिंग (देवमाशांची शिकार) आयोगाने अलास्कातल्या मूळ रहिवासी इनुपियात लोकांच्या पारंपरिक शिकारीवर बंदी घातली. शिकारी सांगत होते, तुम्ही बर्फाच्या कडेला उभे राहून उघड्या पाण्यातले तेवढे मोजता. बर्फ फोडून श्वास घेत खालून निघून जाणारे तुम्हाला दिसतच नाहीत. पुढे पाण्यात ध्वनिग्राहक सोडून देवमाशांचे आवाज टिपले, तेव्हा त्यांचे म्हणणे खरे निघाले. अंदाज कित्येक पटींनी वाढवावा लागला. शिकाऱ्यांनी कुठे बघायचे ते सांगितले होते.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये उलटे झाले. किनाऱ्यालगतचा कॉड मासा घटतोय, हे छोटे मच्छीमार १९८०च्या दशकात सांगत होते. मोठ्या ट्रॉलरच्या पकडीवर बेतलेले अंदाज मात्र भरघोस होते. १९९२ मध्ये ती मासेमारीच बंद करावी लागली.

मच्छीमाराचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य, असे मी म्हणत नाही. तोही ताडून पाहावाच लागतो. (शास्त्रज्ञांच्याही स्मरणशक्तीबद्दल मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्येच लिहून ठेवले आहे: प्रत्येक पिढी आपल्या उमेदवारीच्या काळातला समुद्रच मूळचा समजते.) पण ताडायला आधी ऐकावे लागते आणि ऐकायला वेळ लागतो. संशोधकाच्या तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीत पहिले वर्ष होडीत आणि जाळी विणणाऱ्यांच्या शेजारी बसण्यात गेले, तर वार्षिक अहवालात त्या वर्षाच्या रकान्यात लिहायचे काय? शिष्यवृत्ती देणाऱ्यांनी ते वर्ष काम म्हणून मोजावे, एवढीच मागणी आहे.

माझ्या एका विद्यार्थिनीला वृद्ध मच्छीमारांनी माशांच्या विणीची जागा विश्वासाने दाखवली. शोधनिबंधाच्या परीक्षकाने कळवले, जागा नकाशावर नेमकी दाखवा. बाहेरच्या बोटी तिथे पोहोचतील म्हणून तिने नकार दिला. निबंध अजून अडकलेला आहे.

आपला,
सागरी जीवशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक