शैलू, सही करायच्या आधी हे वाच

ठाणे, रविवार रात्र

प्रिय शैलू,

व्हॉट्सअ‍ॅपवर लिहायला घेतलं होतं पण ते तिथे मावेना, आणि फोनवर बोलले असते तर तू मधेच "अगं पण दादा म्हणतो" सुरू केलं असतंस, म्हणून सगळं एका बैठकीत टाइप करून पाठवतेय. चहा घेऊन बस आणि वाच. तुमचं ठाण्याचं जुनं घर पाडायला द्यायच्या सह्यांसाठी दादाने बिल्डरला तीस तारीख दिलीये ना, त्याच्या आत वाच एवढंच.

तुला माहितीये आम्ही भाचीच्या साखरपुड्याला अहमदाबादला गेलो होतो. पहाटे साडेचारला घर सोडलं, घोडबंदर रोडने बोरिवली, तिथून वंदे भारत, आणि जेवायच्या वेळेला तिकडे. साखरपुडा छान झाला, फोटो पाठवलेत. पण मला सांगायचंय ते नंतरच्या दोन दिवसांचं. सगळे परत निघाले आणि आम्ही दोघं जुन्या शहरात राहायला गेलो, एका पोळमध्ये. पोळ म्हणजे आपली आळीच समज, फक्त तोंडाशी मोठा दरवाजा आणि आत भिंतीला भिंत लावून लाकडी घरं. त्यातलं एक शंभर-सव्वाशे वर्षांचं घर मालकांच्या नातवाने दुरुस्त करून त्याचं नऊ खोल्यांचं छोटं हॉटेल केलंय. रिक्षा आत जात नाही, बॅगा घेऊन चालत जायचं, लिफ्ट नाही. ह्यांच्या गुडघ्यामुळे मी आधीच फोन करून खालची खोली मागून घेतली होती.

शैलू, मी उंबऱ्यातच थांबले. कारण समोर तुमची ओसरी होती. अगदी तशीच नाही गं, खांबांवर कोरीवकाम कितीतरी जास्त, पण ओटा चढायचा, मग ओसरी, मग मधे आकाशाला उघडा चौक आणि चौकाच्या चारी बाजूंनी घर. आणि दाराला तीच जाड कडी, जी सोडली की दारावर आपटून वाजायची आणि आजी आतून ओरडायच्या "कोण गं ते". मी ती कडी दोनदा वाजवून पाहिली. रिसेप्शनवरचा मुलगा धावत आला, त्याला वाटलं आम्ही खोळंबलोय.

खोलीत पलंगावर आडवी झाले तर वर कडीपाट. तुळया, त्यांच्यावर आडव्या कड्या, त्यांच्यावर फळ्या, पॉलिश नाही काही नाही, नुसतं तेल दिलेलं सागवान. आणि एका तुळईच्या टोकाला दोन बोटांएवढ्या खुणा कोरलेल्या. मला वाटलं कोणी पोराने केलेल्या असतील. दुसऱ्या दिवशी मालकांच्या त्या नातवाला विचारलं तर म्हणाला ते जुन्या सुतारांचे आकडे, कुठली तुळई कुठल्या खांबावर बसते ते कळावं म्हणून. दुरुस्तीच्या वेळी त्यांनी त्याच आकड्यांवरून सगळं उतरवलं आणि परत चढवलं. वाळवीने दोन तुळयांची टोकं खाल्ली होती, तर अख्ख्या तुळया टाकल्या नाहीत, तेवढं सडलेलं टोक कापून तिथे नवीन सागाचा तुकडा खाचेत बसवला. जोड दिसतो, रंग वेगळा आहे, आणि त्यांनी तो लपवलेला नाही. मला ते फार आवडलं. मी त्या जोडावरून हात फिरवला तेव्हा नखालाही तो लागला नाही इतका घट्ट होता.

आता नीट वाच, हे मुद्दाम तुझ्यासाठी विचारून घेतलंय. घर दुरुस्त करणाऱ्या त्या मुलाच्या आजोबांनीही मागच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर मारलं होतं. तुझ्या बाबांनी मारलं तसंच, ९२ च्या पावसाळ्यानंतर, आठवतं ना आपण ओल्या सिमेंटवर बोटाने नावं लिहिली आणि ते किती रागावले. तर जुन्या विटा आणि चुन्याची भिंत ओल घेते आणि सोडते, तिला ती सवय असते. वरून सिमेंट थापलं की आत गेलेलं पाणी बाहेर यायला वाट राहत नाही, ते आतच बसतं, मीठ फुटतं, वीट भुसभुशीत होते, मग पोपडे पडतात आणि आपण म्हणतो भिंत संपली. भिंत संपलेली नसते गं, तिचा श्वास कोंडलेला असतो. त्यांनी ते सगळं सिमेंट खरवडून काढलं, एक अख्खा उन्हाळा भिंत नुसती वाळू दिली, आणि मग चुना, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, त्यात गुळाचं आणि मेथीचं पाणी घालून नवीन गिलावा केला. मी हात लावून बघितला, गार लागतो. मे महिन्यात अहमदाबादमध्ये गार भिंत म्हणजे काय ते तुला हैदराबादेत बसून कळेलच.

चौकाच्या खाली पाण्याचं टाकं आहे, ते टांकू म्हणतात. तांब्याचं झाकण उचलून टॉर्च मारून दाखवलं. गच्चीवर पडलेला पाऊस पन्हळीतून खाली टाक्यात येतो, पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी बाहेर सोडून देतात, गच्ची धुऊन निघाली की मग टाक्यात घेतात. आतून चुना, वर उजेड नाही, त्यामुळे पाणी टिकतं. वाकून बघितलं तर आपला चेहरा काळ्या पाण्यात दिसतो आणि गार हवा तोंडावर येते. तुमच्या परसातल्या विहिरीवर आपण अशाच वाकायचो आणि काकू वेणी धरून मागे ओढायच्या.

अजून एक सांगते. २६ जानेवारी २००१ चा भूकंप. त्या दिवशी अहमदाबादमध्ये कितीतरी नवीन अपार्टमेंट्स पडली, माणसं गेली. त्या मुलाची आई घरातच होती, ती सांगत होती की सगळं घर करकरलं, हंड्या-झुंबरं हलली, कौलं सरकली, पण सांगाडा उभा राहिला. लाकडाचा सांगाडा आणि मधे विटा अशी बांधणी असली की घर हलून घेतं, एकदम मोडत नाही. म्हणून "जुनं म्हणजे धोकादायक" असं जे तुमच्या बिल्डरचा माणूस दर भेटीत म्हणतो ना, ते इतकं सरळ नाही.

सगळंच गोड नव्हतं. पहाटेपासून आळीत स्कूटरी चालू, मोबाइलला रेंज फक्त चौकात, आणि देवघराच्या जागेत त्यांनी कॉम्प्युटरचं टेबल मांडलंय ते मला अजिबात पटलं नाही, मी तसं सांगितलं पण. तो म्हणाला आजीही हेच म्हणते. ती आजी वरच्या मजल्यावर राहते, संध्याकाळी खाली येऊन तुळशीपाशी दिवा लावते आणि पाहुण्यांशी न बोलता परत जाते. म्हणजे घर विकलंही नाही आणि कोणी बाहेरही पडलं नाही. मला हेच तुला सांगायचं होतं बहुतेक.

सकाळचा वॉकही केला, काळुपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून जुम्मा मशिदीपर्यंत. ते मंदिर १८२२ चं, बर्मा सागाचं, नुसतं बघत राहावं. जुम्मा मशीद तर १४२४ ची. मधे कबुतरांचे चबुतरे, एका पोळमधून दुसऱ्या पोळमध्ये जायच्या चोरवाटा. २०१७ मध्ये युनेस्कोने या शहराला जागतिक वारसा शहर केलं, भारतातलं पहिलं. आणि आपल्यासाठी अजून एक, १७५८ पासून साठेक वर्षं हे शहर मराठ्यांकडे होतं, पेशवे आणि गायकवाड दोघांची वाटणी, गायकवाडांची हवेली अजून आहे. दुपारी सिदी सय्यद मशिदीच्या दगडी जाळीसमोरच्या मंगळदास गिरधरदासांच्या हवेलीत जेवलो. गिरणीमालकाचं घर, १९२४ चं, आता हॉटेल. वरच्या गच्चीवर थाळी असते, तिचं नावच अगाशिए. अगाशी म्हणजे गच्ची, हा शब्द आपल्या आजीच्याही तोंडी होता बघ. पण मला जास्त जवळची वाटली ती आमची नऊ खोल्यांचीच जागा, कारण ती करणारी माणसं श्रीमंत नव्हती. कर्ज काढलं, एक मजला केला, तो चालला मग दुसरा केला. जुनं घर जपणाऱ्याला तिथली महापालिका टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क देते, तो विकून दुरुस्तीला हातभार लागतो असंही तो म्हणाला.

आता ठाण्याचं. आमची नौपाड्याची बिल्डिंग पाडली तेव्हा बिल्डर दीड वर्ष म्हणाला होता, तुला माहितीये किती लागली, साडेचार. त्यातलं शेवटचं वर्ष भाडंही थांबलं, आई भाड्याच्या घरातच गेली, नवीन घराचा उंबरा तिने बघितला नाही. मी हे तुला घाबरवायला सांगत नाही. पण सही केल्यावर आपल्या हातात काही राहत नाही हे मी बघितलंय, आणि दादाने ते बघितलेलं नाही.

आणि ठाण्यात जुनं टिकतच नाही असंही नाही ना. जेलकडे बघ. पोर्तुगीजांनी १७३० मध्ये किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, आणि आज तो जेल म्हणून वापरात आहे म्हणून त्याच्या भिंती उभ्या आहेत. चरईतले रिकामे पडलेले वाडे एकेक करून गेले, मी शाळेत जाताना मोजायचे, आता मोजायला काही उरलं नाही. रिकामं ठेवलं की घर जातं. तुमचं सहा वर्षं रिकामं आहे.

म्हणून शनिवारी मी टॉर्च घेऊन गेले, तुला न विचारता, पुढची किल्ली आहेच माझ्याकडे. तुळस जिवंत आहे. माजघरात उंदीर आहेत, स्वयंपाकघरावरची मंगलोरी कौलं आठ-दहा फुटलीत, तिथून पाणी येतं आणि त्याखालची एक तुळई टोकाला मऊ झालीये, पेचकस आत जातो. पण ओसरीचे खांब टणटणीत, मी प्रत्येकावर वाजवून बघितलं. मागची भिंत फुगलीये, बरोबर तेवढीच जेवढी बाबांनी सिमेंटने केली होती, त्याच्या वरची चुन्याची भिंत कोरडी आहे. तिथे आपली नावं अजून आहेत गं, शै आणि क एवढंच वाचता येतं, बाकी पोपड्यात गेलं.

दादा म्हणतो महापालिका घर धोकादायक इमारतींच्या सी-१ वर्गात टाकेल आणि मग पाडावंच लागेल. पण स्ट्रक्चरल ऑडिट झालंय कुठे अजून? सी-१ म्हणजे पाडायचीच, सी-२ए म्हणजे रिकामं करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलवता दुरुस्ती. हे आपल्या इंजिनियरने ठरवू दे, बिल्डरच्या माणसाने नको. माझ्या ओळखीत एक कॉन्झर्वेशन आर्किटेक्ट बाई आहेत, त्यांनी कोकणात जुनी घरं दुरुस्त केलीत, पुढच्या रविवारी यायला तयार आहेत.

आणि हॉटेलच काढा असं मी म्हणत नाही. पण पुढच्या तीन खोल्या केल्या तरी चालतील असं मला खरंच वाटतं. स्टेशन चालत दहा मिनिटं, गडकरी रंगायतन जवळ, लग्नाला आलेले पाहुणे, वागळे इस्टेटला कामाला येणारी माणसं, परदेशातून आई-बाबांना भेटायला आलेली मुलं ज्यांना टू बीएचकेत झोपायला जागा नसते. आम्ही तिथे एका रात्रीचे साडेपाच हजार दिले नाश्त्यासकट, आणि पोळमध्ये चालत जायला लागलं तरी एकही खोली रिकामी नव्हती. ठाण्यात तेवढं येणार नाही, अर्धं धर. तुम्हा चौघांचा हिस्सा आहे, तुला पुण्याच्या फ्लॅटचं कर्ज आहे, पैसे हवेत, हे मला कळतं, आणि शेवटी तुम्ही विकायचं ठरवलंत तरी मी तुझ्याशी वाकडं बोलणार नाही. फक्त न बघता सही करू नकोस.

दादाला आज रात्रीच फोन कर आणि महिनाभर थांबायला सांग. माझं नाव सांगितलंस तरी चालेल, रागावला तर माझ्यावर रागावू दे. आणि परसदाराची किल्ली कुठे आहे ते आठवून कळव, तुझ्याकडे आहे की काकूंच्या कपाटात खालच्या खणात? ते कपाट मी उघडलेलं नाही. आर्किटेक्ट बाईंना विहीर बघायची आहे आणि ती तिकडूनच दिसते.

तुझी,
कल्पू